महाकाम त्रिभुज प्रदेशातील गावे : उपजीविका आणि जमीनहक्क

इंडोनेशियाच्या पूर्व कालीमांतान प्रांतात महाकाम नदी मकासर सामुद्रधुनीस मिळते, तेथील गाळभूमीत वसलेली मच्छीमार व कोळंबीपालक गावे. ती मुख्यतः कुताई कर्तानगारा जिल्ह्याच्या अंगाना, मुआरा बाडाक व मुआरा जावा या तालुक्यांत येतात. सेपातिन, मुआरा पांतुआन आणि तानी बारू ही समुद्राकडची गावे, तर कुताई लामा हे आतल्या अंगाचे व बरेच जुने.

नदीच्या शाखांचे उत्तरेकडे व दक्षिणेकडे असे दोन समूह आहेत. मधल्या पट्ट्यातील खाड्यांना नदीचे गोडे पाणी फारसे मिळत नाही. तिथे भरतीचेच राज्य. भरती दिवसातून दोनदा येते आणि उधाणाला पाण्याची चढउतार अडीच ते तीन मीटरपर्यंत जाते. समुद्राची पातळी स्थिरावल्यावर गाळ साचू लागला, याबाबत एकमत आहे. आजचा त्रिभुज प्रदेश सुमारे ५,००० वर्षांचा मानण्याकडे कल आहे. काही अभ्यासक हा काळ ७,००० वर्षांपर्यंत मागे नेतात. किनारा अजून पुढे सरकतो आहे की मागे हटतो आहे, यावरही मतभेद आहेत. समुद्राकडील बेटांची धूप कोळंबी तळ्यांच्या बांधांवर स्पष्ट दिसते. तिचा किती भाग नैसर्गिक व किती जंगलतोडीचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

वस्तीचा काळ : कुताई लामा येथील राजघराण्याची स्थापना परंपरेने इ. स. १३०० च्या सुमारास मानली जाते. मूलवर्मा राजाचे संस्कृत यूपलेख (यज्ञस्तंभांवरील लेख, सु. इ. स. ४००) नदीच्या पुष्कळ वरच्या अंगाला मुआरा कामान येथे सापडले. त्यांचा या गाळभूमीशी थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. दक्षिण सुलावेसीच्या बूगिस लोकांचे आगमन सहसा नोव्हेंबर १६६७ च्या बोंगाया तहाशी (डच कंपनी व सुलावेसीतील गोवा राज्य यांच्यातील) जोडले जाते; समारिंदा शहराचा अधिकृत स्थापनादिन (२१ जानेवारी १६६८) याच हिशेबावर उभा आहे. तारखेला समकालीन कागदाचा आधार दुबळा असल्याने, स्थलांतर एका वर्षात न होता टप्प्याटप्प्याने झाले हे मत अधिक ग्राह्य वाटते. समुद्राकडच्या गावांची आजची वस्ती मात्र बरीच अलीकडची, बहुतांशी विसाव्या शतकातली आहे. तीत दक्षिण सुलावेसीतून आलेले बूगिस बहुसंख्य आहेत.

कोळंबी तळ्यांचा प्रसार : निपा ताड व कांदळवन तोडून केलेल्या खाऱ्या तळ्यांना ‘तांबाक’ म्हणतात. ती इतक्या झपाट्याने का पसरली, याची तीन कारणे दिली जातात. पहिले, १९९७-९८ चे चलनसंकट : डॉलरला सुमारे २,४०० असलेला रुपिया १९९८ मध्ये काही काळ १५,००० च्याही पलीकडे घसरला आणि निर्यातीच्या टायगर कोळंबीचा स्थानिक भाव एकदम चढला. दुसरे, ट्रॉल (यांत्रिक होडीने ओढायचे मोठे जाळे) वापरण्यावरील १९८० च्या बंदीनंतर शीतगृहांना मालाचा नवा स्रोत हवा होता आणि दलालांकडे उधारीवर द्यायला पैसा होता. तिसरे, १९९८ नंतर वनखात्याची पकड ढिली झाली. लोकप्रिय लेखनात पहिल्या कारणावर भर असतो. परंतु माती उपसणारी यंत्रे व उधारीची साखळी १९९० च्या दशकात आधीच गावात पोचली होती. संकटाने वेग दिला, रचना दिली नाही, असे म्हणणे अधिक योग्य. २००१ पर्यंत कांदळवनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग तळ्यांखाली गेला होता.

तळ्याची बांधणी व देखभाल : येथील तळी प्रचंड असतात, १० ते २० हेक्टरचे एक तळे ही नवलाई नाही. काठाने आतून चर खणतात, त्याच मातीचा बांध घालतात आणि मधला पट्टा उथळ ठेवतात. बांधाचा माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या पाण्यापेक्षा निदान अर्धा मीटर उंच हवा. ओला गाळ बसतो, म्हणून दर एकदोन वर्षांनी वर भर घालावी लागते. उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडण्याचे दार, उलिन या कठीण लाकडाची असते. खाचेत फळ्या सरकवून पाणी कमीजास्त करतात. बांध बहुधा दोन ठिकाणी फुटतो : उघाडीच्या बगलेला, आणि निपाची खोडे न काढता वर माती टाकली असेल तिथे. खोड कुजले की आत पोकळी राहते, खेकडे ती वाढवतात आणि एका उधाणात बांध वाहून जातो.

हंगामाआधी उधाणाच्या ओहोटीत तळे रिकामे करून तळ भेगाळेपर्यंत सुकवावा असा संकेत आहे. सखल तळ्यांत तो पुरता सुकत नाही. उरलेले भक्षक मासे मारण्यासाठी चहाबियांची पेंड दर हजार घनमीटर पाण्याला १० ते २० किलो या प्रमाणात टाकतात. पाणी गोडसर असेल तर तिचा परिणाम कमी होतो. मग काहीजण शेतीची कीटकनाशके वापरतात, आणि त्यांनी मासळीबरोबर कोळंबीचे खाद्यही मरते. बीजाच्या (कोळंबीच्या पिल्लांच्या) पिशव्या सोडण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवतात आणि मग तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घेतात. या विस्तृत पद्धतीत दर चौरस मीटरला एकदोन किंवा त्याहूनही कमी पिल्ले सोडतात. खाद्य विकत घालत नाहीत. तीनचार महिन्यांनी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात, बहुधा रात्री, उघाडीला जाळे लावून काढणी होते. भरतीबरोबर आपसूक शिरलेली पांढरी कोळंबी, खेकडे व बांदेंग (मिल्कफिश) मासा हे बाजूचे उत्पन्न. अलीकडे पुष्कळ घरे त्यावरच तगून आहेत.

मुख्य दोष मातीत आहे. कांदळवनाच्या गाळात लोहगंधक असते. बांधावर येऊन ते हवेला उघडे पडले की गंधकाम्ल तयार होते आणि पहिल्या पावसात तळ्यात उतरते. पाण्याचा सामू ४ च्याही खाली जातो, तांबूस थर कल्ल्यांवर बसतो आणि रातोरात कोळंबी मरते. नवे तळे तीनचार उधाणांत भरून व रिकामे करून धुणे आणि बांधाला चुनखडी लावणे हा उपाय आहे. उधारीचे हप्ते सुरू झालेला माणूस तेवढा थांबत नाही. त्यात १९९० च्या दशकापासून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाची भर पडली.

पुंगावा : हा गावचा भांडवलदार व मालाचा खरेदीदार. यंत्राचे भाडे, बीज, डिझेल, प्रसंगी लग्नाचा व आजारपणाचा खर्चही तो उचलतो. व्याज सहसा लिहिलेले नसते. माल त्यालाच, बाजारापेक्षा कमी भावात द्यायचा, हेच व्याज. कोळंबी किलोमागे किती बसते त्यावरून प्रतवारी ठरते आणि ती प्रतवारी पुंगावाच करतो. याला निव्वळ शोषण म्हणावे की विम्याची गावठी सोय, यावर समाजशास्त्रज्ञांत वाद आहे. हंगाम बुडाला तरी तो पुढचे बीज देतो, ही गोष्ट पहिल्या पक्षाच्या लेखनात फार थोडक्यात उरकली जाते.

जमीनहक्क : १९६० च्या कृषिभूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी (हाक मिलिक) फक्त इंडोनेशियन नागरिकास मिळते. परकीयासाठी स्थानिकाच्या नावावर केलेला व्यवहार कलम २६ नुसार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते व दिलेला पैसा परत मागता येत नाही. पण इथली खरी अडचण वेगळी आहे. त्रिभुज प्रदेशाचा बहुतेक भाग नकाशावर राज्याचे वनक्षेत्र आहे, त्यामुळे तिथे नागरिकालाही मालकीचे प्रमाणपत्र मिळू शकत नाही. व्यवहार चालतात ते गावप्रमुखाच्या सहीच्या ताबापत्रावर, पावतीवर आणि शेजाऱ्यांच्या संमतीवर. विकला जातो तो ताबा, बांध व उघाडी; जमीन नव्हे. ताबापत्र तारण ठेवून बँकेचे कर्ज मिळणे कठीण, म्हणून पुन्हा पुंगावाच.

अशा तळ्याची किंमत करताना जाणकार आधी भौगोलिक स्थाननोंद घेऊन ती वनखात्याच्या नकाशावर ताडतात. तेल व वायूच्या नळमार्गापासूनचे अंतर पाहतात. चारही बाजूंच्या तळेवाल्यांच्या आणि सर्व वारसांच्या सह्या आहेत का ते तपासतात. सुलावेसीत राहणारा भाऊ नंतर उगवणे हे वादाचे नेहमीचे कारण. तळ्यावर पुंगावाची बाकी असेल तर ती विकत घेणाऱ्याच्या गळ्यात येते. बांध पाहायचा तो उधाणाच्या दिवशी, ओहोटीला नव्हे. प्रमाणपत्र असलेल्या, वनक्षेत्राबाहेरील जमिनीच्या व्यवहारात खरेदीदारास मूल्याच्या सूटमर्यादेवरील रकमेवर ५ टक्के व विक्रेत्यास २.५ टक्के कर पडतो.

तेल व वायुक्षेत्रांमुळे (बाडाक, हांदिल, तुनू इ.) ताब्याला आणखी एक किंमत आली : नळमार्ग गेल्यास पिकांची व तळ्याची भरपाई मिळते. २०१७ व २०१८ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशांनी वनक्षेत्रातील जुना ताबा सोडवण्याची वाट काढली होती; सामाजिक वनीकरणाखाली (गावकऱ्यांना वनक्षेत्र वापरू देण्याची योजना) ३५ वर्षांचा परवाना मिळतो. तो विकता किंवा तारण ठेवता येत नाही. नव्या राजधानीच्या (नुसांतारा) २०२२ च्या कायद्याने आखलेल्या क्षेत्रात मुआरा जावाचा काही भाग येतो. त्यामुळे तिथल्या भावाबद्दल ऐकू येणारे आकडे सेपातिनला लावू नयेत.

दैनंदिन जीवन : घरे उलिनच्या खांबांवर, गल्ल्या फळ्यांच्या, वाहतूक केतिंतिंग या लांब दांड्याच्या इंजिनाच्या होडीने. पिण्याचे पाणी पावसाचे, टाक्यांत साठवलेले. कोरड्या महिन्यांत ते होडीने विकत आणतात. सुकी कोळंबी व कोळंबीचा आंबवलेला गोळा (तेरासी) करणे हे बव्हंशी बायकांचे काम.

सोडलेली तळी : बांध फुटून दुरुस्ती परवडेनाशी झाली की भरती आत येऊ लागते आणि काही वर्षांत निपा पुन्हा उगवतो. ताबापत्र मात्र कायम राहते. २०२० मध्ये पीटभूमी (कुजक्या वनस्पतींच्या थरांची दलदल) पुनर्स्थापनेच्या राष्ट्रीय संस्थेकडे कांदळवनाचेही काम सोपवले गेले. तेव्हापासून रोपे लावण्याआधी त्या जागेचा दावेदार कोण, हे ठरवावे लागते. बांधाची रेषाच पुसली गेली असेल तर एका जागेवर दोन-दोन पत्रे निघतात. बांध शाबूत ठेवून आतल्या उथळ पट्ट्यावर कांदळ लावण्याची मिश्र पद्धत तळेवाल्यांना त्यामानाने पटते, कारण तीत ताबा सुटत नाही.