टोमॅटो, लायकोपीन आणि प्रोस्टेट: हे सगळं आलं कुठून

बाबांचं पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तिच्यासाठीची रक्ततपासणी) वाढलेलं आलं तेव्हापासून प्रत्येकजण सांगतोय टोमॅटो खायला द्या, त्यात लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) असतं, त्याने प्रोस्टेट कॅन्सर टळतो, आणि एका नातेवाईकांनी तर लायकोपीनच्या कॅप्सूलची बाटलीच आणून दिली. प्रेमानेच दिली, पण द्यायची की नाही ते ठरवायला मी जरा मागे जाऊन वाचलं.

सुरुवात अमेरिकेतली. हार्वर्डच्या संशोधकांनी १९८६ पासून डेंटिस्ट, फार्मासिस्ट, जनावरांचे डॉक्टर अशा हजारो पुरुषांना तुम्ही काय काय खाता ते विचारून ठेवलं होतं. १९९५ मध्ये एडवर्ड जिओवानुची आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ४७,८९४ जणांचा हिशोब मांडला. भाज्या, फळं आणि त्यांचे पदार्थ मिळून ४६ प्रकार तपासले आणि कमी धोक्याशी संबंध दिसला फक्त चारांचा, टोमॅटो, टोमॅटो सॉस, पिझ्झा आणि स्ट्रॉबेरी. आठवड्यात दहापेक्षा जास्त वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांना, दीडपेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या मानाने, प्रोस्टेट कॅन्सरचा धोका ३५ टक्के कमी. पण हा नुसता संबंध, टोमॅटोमुळेच कमी झाला असं यातून सिद्ध होत नाही.

यात सॉसचा संबंध सगळ्यात ठळक होता. तो का, तर लायकोपीन तेलात विरघळतं आणि शिजवल्यावर पेशीतून सुटतं. कढईत टोमॅटो परतताना तिखट घालायच्या आधीच कडेला सुटलेलं तेल केशरी दिसतं ना, तो रंग म्हणजेच लायकोपीन.

मग साहजिकच लोकांना वाटलं की टोमॅटो कशाला, त्यातलं औषधच काढून गोळीत भरूया, आणि मला वाटतं इथेच गाडी चुकली. २००३ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, अख्ख्या टोमॅटोची पावडर खाल्लेल्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरने मरणं कमी झालं, नुसत्या लायकोपीनने तसा ठोस फरक पडला नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न आणि औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) लायकोपीनच्या गोळ्यांना कॅन्सरचा दावा करू दिला नाही, टोमॅटोबद्दलही पुरावा फारच थोडा आहे असं लिहूनच परवानगी दिली. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडने २००७ मध्ये लायकोपीनवाल्या पदार्थांना 'बहुधा उपयोगी' म्हटलं होतं, २०१४ मध्ये तेही मागे घेतलं कारण मधल्या काळातल्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळेनात.

आणि गोळी निरुपद्रवी असते हे तर डोक्यातून काढूनच टाका. व्हिटॅमिन ई पण मुळात वनस्पतींमधलंच, फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये त्याच्या गोळीने प्रोस्टेट कॅन्सर ३२ टक्के कमी दिसला होता, त्या आशेवर ३५ हजारांवर पुरुषांची 'सिलेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि २०११ मध्ये कळलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला.

ती बाटली मी उघडलेली नाही, बाबांच्या फाईलसोबत पिशवीत ठेवलीय, मंगळवारी युरॉलॉजिस्टना दाखवणार आहे. टोमॅटोचं सार आमच्याकडे तसंही दर दोन दिवसांनी असतंच.