धाकाचा अभ्यास आणि आपला अभ्यास

अभ्यास होत नाही म्हटलं की आपल्याकडे निदान ठरलेलं: पोरगं आळशी आहे. शिक्षणाच्या मानसशास्त्रात 1980च्या दशकात प्रश्न वेगळा विचारला गेला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सामाजिक-बोधात्मक सिद्धांतात स्वनियमनाला मोठी जागा होती: माणूस स्वतःचं वागणं न्याहाळतो, जोखतो आणि बदलतो. त्याच वर्षी बॅरी झिमरमन आणि मॅन्युएल मार्टिनेझ-पॉन्स यांनी अमेरिकेतल्या दहावीच्या 80 मुलांच्या मुलाखती घेतल्या. निम्मी वरच्या तुकडीतली, निम्मी खालच्या. प्रश्न साधेच. घरी निबंध लिहायचा असला की काय करता? परीक्षा जवळ आली की? मन लागत नसलं की? उत्तरं 14 प्रकारांत लावली: आखणी, नोंदी, आपलं काम आपणच तपासणं, अडलं तर विचारणं वगैरे. तेवढ्यावरून कोण कुठल्या तुकडीतला हे 93 टक्के मुलांबाबत बरोबर ओळखता आलं. अडलं तर विचारणं हेही स्वनियमनच, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या वर्गात शंका विचारणारा ढ ठरतो.

लेखनाचा धागा त्याआधीचा. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना मनातलं मोठ्यानं बोलत लिहायला लावलं. आखणी, मांडणी, फेरतपासणी ओळीनं येत नाहीत, सारखी एकमेकांत घुसतात, असं त्यांनी 1981 मध्ये मांडलं. पुढे 1994 मध्ये झिमरमन आणि बँडुरा यांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये दिसलं की लेखनातले गुण नुसत्या भाषेच्या कुवतीवर ठरत नाहीत. ‘मला जमेल’ हा भरवसा आणि स्वतःसाठी लावलेली पट्टी यांचा त्यात वाटा असतो.

खानदेशात स्वनियमनाचा असा प्रयोग या सिद्धांताच्या कितीतरी आधी होऊन गेला. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोलीत पसारा दिसला तर न रागावता स्वतःच आवरायला लागत. मुलं ओशाळून आपापलं करू लागत. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. पण हे सगळं एका माणसाच्या जिव्हाळ्यावर उभं होतं. 1930 मध्ये ते सत्याग्रहात गेले.

15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. तोवर इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाकडे होती. एम.ए.चे लघुप्रबंध, पीएच.डी. घराजवळ आले. मात्र शाळेपासून गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेल्या मुलाला शंभर पानांची आखणी कुणी शिकवली नव्हती. त्यात घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्याला लिहायचं प्रमाण मराठीत, नाहीतर इंग्रजीत. मग सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडे जुना प्रकल्प शोधला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्याविरुद्धच्या नियमांनी दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड ठेवला नाही. 60 टक्क्यांवर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियम हवाच होता, पण तो धाकच. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा खाली आणायला शब्द फिरवायची कला मुलं लगेच शिकली.

मार्गदर्शकही घाईत असतात. मसुद्यातलं वाक्य लाल पेनानं स्वतःच दुरुस्त करून देतात, विद्यार्थी ते तसंच टाईप करून आणतो. समासात ‘हे इथं कशाला?’ एवढंच लिहिलं तर त्याला ते पान पुन्हा वाचावं लागेल.