मुळांनाही हवा लागते

कुंडीतलं झाड मलूल दिसलं की हात आपोआप झारीकडे जातो. पुष्कळदा तीच झारी झाडाच्या मुळावर येते.

पानं ऑक्सिजन सोडतात हे शाळेपासून पाठ असतं. मुळांचं मात्र उलट आहे. ती अंधारात राहतात आणि वरून आलेली साखर वापरायला त्यांना ऑक्सिजन घ्यावा लागतो, तोही मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की पुरवठा जवळजवळ तुटतो, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग माती ओली असूनही पानं माना टाकतात, आपण आणखी तांब्याभर ओततो, आणि उरलेलं काम पिथियमसारखे मूळकूज घडवणारे सूक्ष्मजीव उरकतात.

म्हणून वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा मातीत बोट खुपसून बघावं. वरचा थर कोरडा, पण 2-3 सेंटिमीटर खाली ओल लागली, तर बहुतेक झाडांना त्या दिवशी काही नको असतं. भर दुपारी सुकल्यासारखं दिसणारं झाड संध्याकाळी आपोआप सावरलं, तरीही काळजी नको; उन्हात पानांतून जितकी वाफ गेली तितकं पाणी मुळांना त्या वेळी पुरवता आलं नाही, एवढंच. पाणी घालायचं तेव्हा मात्र तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालावं. रोज घोटभर शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो, मुळंही तिथेच घुटमळतात आणि खतांचे क्षार साचत जातात. मातीवर दिसणारी पांढरी पापुद्र्यासारखी खपली बहुधा त्यांचीच.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडी भरायची पद्धत जुनी आहे, पण तिचा फायदा होत नाही. मातीच्या बारीक छिद्रांत केशाकर्षणाने धरलेलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून बसतं. म्हणजे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा टाकून कुंडी पूर्ण मातीने भरलेली बरी.

एकदा करून बरेच दिवस विसरता येणारं काम म्हणजे आच्छादन. वाळलेल्या पाल्याचा सुमारे 5 सेंटिमीटरचा थर बाष्पीभवन कमी करतो. शिवाय अनेक तणांच्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो, तो मिळत नाही आणि खुरपणी वाचते. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर ओलीने साल कुजते.

मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, मात्र विसरून चालत नाही. वाढीच्या दिवसांत माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं देतात, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच आकार घेत असते. उबदार हवेत साधारण आठवड्याभरात तीही वितात. म्हणून दोन-तीन दिवसांनी कोवळ्या शेंड्यांखाली नजर टाकली की पाण्याच्या जोरदार फवाऱ्यावर भागतं. महिन्याने पाहिलं तर औषधाच्या बाटल्या शोधाव्या लागतात. नत्रयुक्त खताचा मारा केला तर कोवळी, रसाळ फूट वाढते, म्हणजे माव्याला जेवणाचं आमंत्रणच.

बघता बघता शेंडेही खुडावेत. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते फुटतात आणि रोप उंच, काटकुळं न राहता भरतं. सुकलेली फुलंही बी धरायच्या आत काढली, तर अनेक हंगामी झाडं पुन्हा कळ्या धरतात. पुढच्या वर्षासाठी बी हवं असेल, तर मोसमाच्या शेवटची चार फुलं झाडावरच वाळू द्यावीत.