६४१ नं भाग जातो!

लातूरला क्लासला असलेला भाचा दिवाळीत परभणीला आला होता. म्हणाला, "मामा, मोठ्या संख्येला ३, ७, ११, १३ नं भाग गेला नाही की ती मूळ संख्या समजायची, म्हणजे १ न् स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी, आम्ही तसंच करायलोत." मी म्हणलं थांब, आणि मोंढ्यातली सोयाबीन विकल्याची पट्टी, म्हणजे पावती, समोरच पडली होती, तिच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चारशे एकोणतीस कोटींच्या वर. पोरानं भागून भागून कागद भरवला, भाग काही जाईना. "बघा, मूळच आहे!"

रागवायचं कारण नाही, थोडक्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायची हीच चूक सतराव्या शतकात फर्मासारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाकडून झालीय. त्यानं २ चे घात घेतले, घातांकही दुप्पट होत जाणारे, १, २, ४, ८, १६, आणि प्रत्येकात १ मिळवला. आल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ! त्याला वाटलं पुढच्या सगळ्याच मूळ असणार. पुढची म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, तीच आपली पट्टीवरची. १७३२ साली ऑयलर या स्विस गणितज्ञानं दाखवलं की तिला ६४१ नं भाग जातो, उत्तर येतं ६७००४१७.

ऑयलरनंच पुढं सिद्ध केलं की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच पाहिजे. तसल्या मूळ संख्या ओळीनं १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला सापडतो!

पण मला लई आवडतं ते हे, की भागाकार न करताही कळतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × (२ चा ७वा घात) हे ६४१ पेक्षा १ नं कमी, त्याला ६४१ नं भागलं की बाकी −१ धरता येते. दोन्हींचा चौथा घात घ्या, −१ चा होतो १, म्हणजे ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १. आता ६२५ हे ६४१ पेक्षा १६ नं कमी, म्हणून बाकीच्या हिशोबात ६२५ च्या जागी −१६ चालतं, आणि १६ म्हणजे २ चा ४था घात, २८ आणि ४ झाले ३२! म्हणजे उणे (२ चा ३२वा घात) याची बाकी १, चिन्ह बदललं की २ च्या ३२व्या घाताची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. एवढंच.

 

भाच्यानं मग पट्टीवर उरलेल्या जागेत ६४१ नं मांडून पाहिलं, बाकी शून्य आल्यावर विचारलं, "मग पुढची?" पुढचा घातांक ६४, तीही मूळ नाही, आणि त्यापुढं आजवर या मालिकेत सहावी मूळ संख्या कुणालाच सापडलेली नाही.