'हेल्पर' म्हणजे नक्की कोण? सुपरमार्केटच्या बाहेरच्या कामाची पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गेल्या मे महिन्यात भर दुपारी एक पोरगा पंधरा-वीस ट्रॉल्या एकात एक अडकवून नायलॉनच्या दोरीने ओढत होता. हँडल तापलेलं म्हणून हाताला जुना टी-शर्ट गुंडाळलेला, आणि उतार आला की सगळी रांग पुढे पळायला लागायची, मग हा वळून पाठीने अडवायचा. पगार कसला मिळतो विचारलं तर म्हणाला, "हेल्परचा." म्हणजे आत एसीत बिस्किटांचे पुडे लावणाऱ्याला जो मिळतो तोच, शिवाय हा कंत्राटदाराकडचा, म्हणून कपात जास्त आणि बोनसचं नाव नाही. उन्हाचं, पावसाचं, ओझ्याचं वेगळं काहीच नाही. हे असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा ही पद्धत अमेरिकेत मेम्फिसला १९१६ मध्ये सुरू झाली, ट्रॉली १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत आली. गिऱ्हाईक ट्रॉली गाडीपर्यंत नेतो आणि तिथेच सोडतो, म्हणजे ती परत आणणारं माणूस तेव्हापासूनच लागतंय. आपल्याकडे किराणावाला पोराकडून सामान घरपोच पाठवायचा, गिरणगावात ग्राहकांची सहकारी भांडारं होती, पण पार्किंगवालं मोठं दुकान म्हणजे २००० नंतरचीच गोष्ट. पवईला २००२ मध्ये एक दुकान निघालं, मग ठाणे, वाशी, खारघर, कळंबोली, बघता बघता सगळीकडे.

पण माल उतरवायचं काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि नवी मुंबईला ते कुणी शिकवायची गरज नाही. कांदा-बटाटा मार्केट १९८१ मध्ये मुंबईतून वाशीला आलं, भाजीपाला १९९६ मध्ये. माझे मामा कांदा-बटाट्यात हमालांच्या टोळीत होते, मूळचे सातारकडचे, राहायला कोपरखैरण्याला. त्यांच्या हातात रोख मजुरी कधी पडायची नाही. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, माथाडी बोर्डात भरायची, बोर्डातून पगार, फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे. हे सगळं १९६९ च्या माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या, कायद्याने मिळालं आणि त्यासाठी आधी काही वर्षं लोक रस्त्यावर होते. मामांच्या कामाला नाव होतं म्हणून दर होता. गोणी किती किलोची यावरूनसुद्धा भांडता यायचं, ५० किलोच्या वर वजन असेल तर उचलणार नाही म्हणून वाशीत अनेकदा काम बंद पडलंय.

आता खरा गुंता. कायद्यात शब्द आहे 'असंरक्षित कामगार'. व्याख्या वाचली तर मोकळीढाकळी आहे, अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, कामात अंगमेहनत करणारा तो असंरक्षित. मग सुपरमार्केटच्या मागच्या दाराला तेलाचे डबे उतरवणारा यात बसतो का? मालक लोकांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, हा आमचा पगारी माणूस आहे, याला पीएफ आहे, ईएसआय म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा आहे, म्हणजे हा संरक्षित झाला, माथाडी कायदा याला लागू नाही. कामगारांच्या बाजूने म्हणणं असं की कायदा माणसाच्या कागदावर नाही, कामावर लागतो, आणि काम तर हमालीचंच आहे. हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं फिरलाय. मला विचाराल तर मालकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, कायम माणसाला सगळे हक्क खरंच मिळत असतील तर दुसरं बोर्ड कशाला. पण मागच्या दाराला कायम माणूस असतोच कुठे? तिथे असतो कंत्राटदाराचा हेल्पर, जो सहा-आठ महिन्यांनी बदलतो, म्हणजे संरक्षित म्हणून मोजायचा आणि संरक्षण मात्र पगाराच्या चिठ्ठीपुरतं.

त्यात 'वाराई' आहेच, म्हणजे माल चढवायची-उतरवायची हमाली जी ट्रकवाल्याच्या माथी मारतात. ट्रकवाल्यांची घोषणा सगळ्यांना माहितीये, ज्याचा माल त्याचा हमाल, म्हणजे हमाली मालाच्या मालकाने द्यायची. मार्केटमध्ये निदान माल कुणाचा हे तरी कळतं. सुपरमार्केटला कंपनीचा माल वितरकाच्या गाडीतून येतो, उतरेपर्यंत दुकान म्हणतं अजून आमचा नाही, वितरक म्हणतो दारात पोचवला म्हणजे माझं काम संपलं, आणि मधल्या त्या वीस फुटांत ड्रायव्हर, क्लिनर आणि दुकानाचा हेल्पर मिळून उतरवून घेतात. त्या वीस फुटांचे पैसे कुणाच्याच खात्यात नाहीत. घोडबंदरला गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी, त्यामुळे बऱ्याच गाड्या पहाटे येतात, आणि पावसाळ्यात खोके भिजले तर बोलणी खायला तोच हेल्पर.

२०२३ च्या शेवटी सरकारने माथाडी कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, कारण दिलं बोगस माथाडी आणि खंडणी. खंडणीचा त्रास खरा आहे, नाकारून चालणार नाही. पण व्याख्येत यंत्राच्या मदतीशिवाय अंगमेहनत करणारा अशी भाषा घातली आणि माथाडींनी त्याला जोरात विरोध केला. कारण हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली हे यंत्र मानलं तर? तिच्यावर अर्धा टन साखर चढवून रॅम्पवर ओढणाऱ्याला यंत्राची मदत आहे असं म्हणायचं? ज्याने ती एकदा ओढलीये त्याचे खांदे विचारा. पार्किंगवाल्या पोराचं तर काय, त्याच्या ट्रॉलीला चाकं आहेत म्हणून कुणी ते ओझंच धरत नाही.

दुसरीकडून दुकान कायदा. १९४८ चा जाऊन २०१७ चा आला, दुकान ३६५ दिवस चोवीस तास उघडं ठेवायला परवानगी, बदल्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट. तोही तेव्हा १० किंवा जास्त कामगार असतील तरच पूर्ण लागू होता. त्याच सुमारास राज्याने कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० वरून ५० माणसांवर नेली, म्हणजे ४० हेल्पर पुरवणारा छोटा कंत्राटदार लायसन्सच्या बाहेर. किमान वेतनात खाने तीनच, कुशल, अर्धकुशल, अकुशल. उघड्यावर काम करणाऱ्याचा खाना नाहीच, त्यामुळे एसीतला अकुशल आणि उन्हातला अकुशल एकच.

कोविडमध्ये हे चित्र जरा हललं असं वाटलं होतं. दुकानं अत्यावश्यक होती, बाहेर खडूने गोल आखून लोकांना उन्हात रांगेत उभं करणारे हेच हेल्पर. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी गॅलरीत टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या. पण २०२१ मध्ये लस आधी कुणाला द्यायची त्या यादीत आरोग्य कर्मचारी, पोलीस, सफाई कामगार होते, किराणावाले नव्हते. त्याच वर्षी सिएटल शहराने मोठ्या किराणा दुकानांतल्या कामगारांना तासाला ४ डॉलर जादा द्यायचा नियम केला. आपल्याकडे तसं काही झालं नाही, फक्त होम डिलिव्हरी वाढली आणि तीही बऱ्याच ठिकाणी हेल्परच्याच गळ्यात पडली, पेट्रोलचे पैसे देऊन, कधी तेही न देता.

मग १६ एप्रिल २०२३, खारघर. उघड्या मैदानावरच्या सरकारी कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले. त्यानंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं सरकारने जाहीर केलं. ते कार्यक्रमांसाठी, कामासाठी नाही. बसलेल्या माणसाला ऊन मारतं हे तेव्हा सगळ्यांना पटलं, त्याच उन्हात त्याच शहरात ट्रॉल्या ओढणाऱ्याबद्दल कुणी शब्द काढला नाही याचा मला आजही राग येतो.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांत दिवसाचे तास ९ वरून १० करायला आणि कायद्याची अट १० वरून २० कामगारांवर न्यायला मंजुरी दिली. चर्चा झाली ती आतल्या काउंटरवर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पोरींच्या पायांची, आणि ती व्हायलाच हवी होती. बाहेरच्या पोरांचं मागणं त्याहून साधं आहे, ट्रॉली स्टँडवर पत्र्याची शेड, प्यायच्या पाण्याचा जार बाहेर, जूनच्या आधी रेनकोट, आणि पगाराच्या चिठ्ठीवर 'हेल्पर'च्या जागी जे काम करतो त्याचं नाव आणि त्यापुढे वेगळी रक्कम.