पार्श्वभूमी: हृदयाच्या रोहिण्यांचा नकाशा वाचायला इतका काळ का लागला

अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेलं चित्र) झाली की डॉक्टर घरच्यांना आत बोलावतात आणि पडद्यावर काळ्या रेषांचं एक हलतं झाड दाखवतात. ‘ही एलएडी, हिच्यात नव्वद टक्के ब्लॉक आहे. ही सर्कमफ्लेक्स, ही बरी आहे. आरसीए मोकळी आहे.’ घरचे मान हलवतात. कळतं एवढंच की तीन नळ्या आहेत आणि त्यातली एक तुंबली आहे. त्या तीन नावांमागे जवळपास अठराशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग समोर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ न लागण्यात गेला. मला या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

आधी मुळातली अडचण. हृदयाचे कप्पे दिवसरात्र रक्ताने भरलेले असतात, पण त्याच्या स्नायूला ते रक्त थेट मिळत नाही. डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. आतल्या रक्तातून भागतं ते फक्त तिच्या अगदी आतल्या पातळ थराचं. बाकी सगळ्या स्नायूला बाहेरून रक्त आणावं लागतं. महारोहिणी (शरीराला रक्त नेणारी मुख्य वाहिनी) हृदयातून निघते न निघते तोच, झडपेच्या लगेच वर, तिला दोन फांद्या फुटतात. डावी थोड्याच अंतरावर दुभंगते: एक शाखा पुढच्या खाचेतून खाली उतरते (तीच एलएडी), दुसरी डावीकडून मागे वळते (ती सर्कमफ्लेक्स). उजवी फांदी, म्हणजे आरसीए, उजव्या कडेने वळसा घालते. विश्रांतीत शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त मिळतं, त्यातलं जेमतेम पाव लिटर या वाटेने हृदयाला जातं. हा पुरवठा मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात होतो, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो.

आणखी एक गोष्ट पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवी. शरीराचे बहुतेक भाग रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला परत पाठवतात. हृदय विश्रांतीतही सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. शिल्लक अशी फारशी नसतेच. मेहनत वाढली की हृदयापुढे एकच मार्ग उरतो: जास्त रक्त. नळी अरुंद असेल तर नेमकं तेच मिळत नाही.

हृदयाला मुकुटासारख्या वेढणाऱ्या या वाहिन्यांचं वर्णन दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने केलं होतं. मुकुटासाठीच्या लॅटिन शब्दावरूनच ‘कोरोनरी’ हे नाव आलं. पण पोषणाचा प्रश्न सुटला नव्हता. अकराव्या शतकातला पर्शियन वैद्य इब्न सीना याच्या मते हृदयाचं पोषण उजव्या कप्प्यातल्या रक्तातून होत होतं. १२४२ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, अरब वैद्य इब्न अल नफीसने इब्न सीनाच्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना हे नाकारलं: हृदयाला पोसणारं रक्त हृदयाच्याच देहात पसरलेल्या वाहिन्यांतून येतं. ते भाष्य पुढे विस्मरणात गेलं आणि १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं, तेव्हा जगाचं पुन्हा त्याकडे लक्ष गेलं. दरम्यान लिओनार्दो दा विंचीने बैलाच्या हृदयावरून या वाहिन्या अतिशय देखण्या रेखाटल्या, आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअरने १६६९ मध्ये दाखवलं की एका बाजूच्या रोहिणीत सोडलेला द्रव दुसऱ्या बाजूलाही पोचतो. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस रचना बरीचशी कळली होती. तिच्यामुळे माणूस मरतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

१७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे विल्यम हेबर्डेन यांनी एका दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं. ते १७७२ मध्ये छापून आलं. चालताना, विशेषतः चढण चढताना आणि जेवण झाल्यावर, छातीत असं आवळून येतं की आता जीव जातो असं वाटावं. उभं राहिलं की क्षणात ओसरतं. त्यांनी नाव दिलं ‘अँजायना पेक्टोरिस’. आजही यापेक्षा चांगलं वर्णन करणं अवघड आहे. पण कारण म्हणून हेबर्डेन यांनी रोहिण्यांकडे बोट दाखवलं नाही. हा लेख वाचून एका अनामिक माणसाने त्यांना पत्र लिहिलं: मला हेच होतं, मी अचानक गेलो तर माझं शरीर उघडून कारण शोधा. तो खरोखरच काही आठवड्यांत गेला. शवविच्छेदन त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या शल्यविशारदाने, जॉन हंटर यांनी केलं. महारोहिणीत थोडा कठीणपणा दिसला, बाकी हृदय ठीक अशी नोंद झाली. कोरोनरींचा त्यात उल्लेखच नाही. त्या माणसाने आपला देह विश्वासाने सोपवला होता आणि उत्तर बहुधा समोरच पडलेलं होतं.

ते उत्तर सापडलं हंटर यांच्याच शिष्याला. एडवर्ड जेनर म्हटलं की आपल्याला देवीची लस आठवते, पण त्याच्या बऱ्याच आधी अँजायनाने गेलेल्या एका रुग्णाचं हृदय तो कापत होता. सुरी कशावर तरी अशी खरखरली की तिला खाच पडली. त्याने छताकडे पाहिलं. छत जुनं होतं, गिलावा पडला असेल असं त्याला वाटलं. मग नीट पाहिलं, तर कोरोनरी रोहिण्याच हाडासारख्या टणक नळ्या झाल्या होत्या.

जेनरने हे जाहीर केलं नाही. कारण तोवर त्याच्या गुरूलाच हे दुखणं जडलेलं होतं. हंटर यांनी ते वाचलं असतं तर स्वतःचं भविष्य त्यांना कळलं असतं. जेनरने काही मित्रांना सांगितलं आणि गप्प राहिला. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या एका बैठकीत वादावादी झाली आणि संतापलेले हंटर शेजारच्या खोलीत कोसळले. शवविच्छेदन त्यांच्या मेव्हण्याने केलं. रोहिण्या टणक झालेल्या निघाल्या. त्यानंतर १७९९ मध्ये कॅलेब पॅरी यांनी या विषयावर पुस्तक काढलं आणि जेनरचं पत्र त्यात छापलं. वैद्यकशास्त्राची काही वर्षं त्या मौनात गेली हे खरं, तरी मला जेनरला दोष देववत नाही. उपाय काहीच हाताशी नसताना त्याने गुरूला निदान सांगायला हवं होतं का, याचं उत्तर सोपं नाही.

पुढचं शतक प्रयोगशाळेचं. १८८१ मध्ये जर्मनीत युलिउस कोनहाइम यांनी कुत्र्यांच्या कोरोनरी बांधल्या. हृदयं काही मिनिटांत थांबली. त्यांनी निष्कर्ष काढला की या रोहिण्या ‘अंतिम’ आहेत, त्यांच्यात परस्परांना जोडणाऱ्या उपयोगी वाटा नाहीत, आणि मोठी फांदी अचानक बंद झाली की मरण अटळ आहे. लोअरने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलेल्या जोडण्या मागे पडल्या. याचा परिणाम रुग्णांवर झाला. छातीत तीव्र कळ येऊनही जो जगला, त्याची रोहिणी बंद झालेली असूच शकत नाही, मग त्याला अपचन किंवा आणखी काही झालं असणार, असं धरलं जाई.

शिकागोचे जेम्स हेरिक यांनी याला छेद दिला. त्यांचा ५५ वर्षांचा एक रुग्ण जेवणानंतर तासाभरात आजारी पडला आणि ५२ तास जगला. शवविच्छेदनात डाव्या रोहिणीत ताजी गुठळी मिळाली. १९१२ च्या लेखात हेरिक यांनी मांडलं की रोहिणी बंद होऊनही माणूस जगू शकतो. किती काळ, ते कोणती फांदी बंद झाली आणि आजूबाजूच्या जोडण्या किती आहेत यावर ठरतं. लेखाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ईसीजीचे आलेख हाताशी आल्यावर, १९१८ नंतर, डॉक्टर ऐकू लागले.

१९४० मध्ये बोस्टनला मनरो श्लेसिंजर यांनी मृतांच्या रोहिण्यांत शिसं मिसळलेला रंगीत द्रव भरून, हृदय उलगडून सपाट केलं आणि माणसामाणसांतला फरक मोजला. आजच्या अँजिओग्राफीच्या अहवालातलं ‘राइट डॉमिनंट’ तिथून आलं. हृदयाच्या मागच्या खाचेतली फांदी उजवीकडून निघते की डावीकडून, एवढाच त्याचा अर्थ. सुमारे ८० ते ८५ टक्के लोकांत ती उजवीकडून निघते. अहवालात हे वाचून घाबरणारे मी पाहिले आहेत. तो आजार नाही.

पण हे सगळं मृत हृदयातलं. जिवंत माणसाच्या कोरोनरीत थेट रंगद्रव्य सोडलं तर हृदय बंद पडणारच, ही भीती पक्की होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलंडला मेसन सोन्स २६ वर्षांच्या एका रुग्णाच्या महारोहिणीचं चित्र काढत होते. नळीचं टोक निसटून उजव्या कोरोनरीत शिरलं आणि सुमारे ३० मिलिलिटर रंगद्रव्य तिच्यात गेलं. ठोके थांबले. सोन्स ओरडले, ‘खोका!’ रुग्ण खोकला, पुन्हा खोकला, आणि हृदय चालू झालं. त्या अपघाताने सोन्सना कळलं की कमी प्रमाणात दिलं तर जिवंत माणसाच्या रोहिण्या पाहता येतील. तिथून बायपास आली, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या अरुंद झालेल्या एलएडीत फुगा फुगवून ती रुंद केली.

इतकं झालं तरी एक वाद उरलाच होता: गुठळीमुळे हृदयविकाराचा झटका येतो, की झटक्यानंतर गुठळी होते? १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात डीवूड आणि सहकाऱ्यांनी झटका आलेल्या ३२२ जणांची अँजिओग्राफी पहिल्या २४ तासांतच केली. चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ पैकी ११० जणांची रोहिणी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे गुठळी आधी असते आणि काहींत मागाहून आपोआप विरघळते, पण तोवर स्नायूचं जायचं ते गेलेलं असतं. मोठ्या रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांच्या फांद्या आत उतरतात, म्हणून स्नायू मरतो तो आतल्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, तासागणिक.