प्रवेश बंदर (यॉटप्रवासातील)

शिडाच्या खासगी नौकेने, म्हणजे यॉटने, परदेशी पोचल्यावर जिथे पहिला मुक्काम करण्याची कायद्याने मुभा असते ते प्रवेश बंदर. कस्टम्स, इमिग्रेशन, आरोग्य आणि जैवसुरक्षा यांची तपासणी तिथेच होते. ती होईपर्यंत नौकेवर पिवळा ‘क्यू’ ध्वज फडकत ठेवतात. परवानगी मिळाली की तो उतरवून यजमान देशाचा ध्वज चढवतात. त्याआधी दुसरीकडे नांगर टाकल्यास दंड होऊ शकतो. जिवावरच्या प्रसंगी आसरा घेता येतो, पण तसे अधिकाऱ्यांना तातडीने कळवावे लागते.

मोठ्या किनाऱ्याच्या देशात अशी अनेक बंदरे असतात. त्यांतले एक निवडताना डिझेल, दुरुस्ती, बाजार या सोयींवर बऱ्याच जणांची नजर जाते. त्याआधी वारा पाहायला हवा. व्यापारी वारे महिनोन्महिने एकाच अंगाने वाहतात. अशा पट्ट्यात वाऱ्याच्या खालच्या अंगाचे, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूचे, बंदर घेतले, तर मागे राहिलेल्या बेटांसाठी लाटा अंगावर घेत वाऱ्याविरुद्ध नागमोडी चढावे लागते.

फ्रेंच पॉलिनेशियातील मार्केसस बेटांवर ही अडचण ठळकपणे दिसते. गालापागोसहून सुमारे ३,००० सागरी मैल कापून येणाऱ्या यॉटला द्वीपसमूहाच्या आग्नेय टोकाचे फातू हिवा बेट आधी लागते. तिथला कातळसुळक्यांनी वेढलेला हानावावे उपसागर पॅसिफिकमधील सर्वांत देखण्या मुक्कामांपैकी एक. मात्र प्रवेशाची नोंद तिथे होत नाही. ती होते पुढे हिवा ओआ बेटावरील आतुओना इथे, किंवा त्याहून वायव्येला नुकू हिवाच्या ताइओहाए इथे. ताइओहाएचा उपसागर प्रशस्त आहे. आतुओनाजवळची ताहाउकू खाडी अरुंद, तिच्यात लाटा शिरतात आणि नौका पुढून-मागून दोन नांगरांवर बांधाव्या लागतात. तरीही फातू हिवा पाहायचेच असेल तर आतुओनाच बरे, कारण वाऱ्याविरुद्धचा उलटा प्रवास सुमारे ४५ मैलांचाच उरतो. बेल्जियन गायक जाक ब्रेल १९७५ मध्ये आपल्या यॉटने आतुओनाला आला आणि तिथेच राहिला.

फिजीतही हाच हिशेब. टोंगाहून येताना पूर्वेची लाऊ बेटे वाटेत लागतात, पण नोंदीआधी तिथे थांबता येत नाही. म्हणून लाऊला परतू इच्छिणारे सहसा वानुआ लेवूवरील सावुसावु घेतात. पश्चिमेच्या लौटोकाहून परतीची वाट फार लांब पडते.

न्यूझीलंडला जाताना वाऱ्याच्या दिशेपेक्षा हवामान बिघडण्याआधी पोचण्याची घाई असते. चक्रीवादळांचा मोसम टाळून दक्षिणेला येणाऱ्या यॉटना उत्तरेकडील ओपुआ सर्वांत सोयीचे. पुढचे दक्षिणेचे बंदर गाठण्यात दिवस घालवला तर पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी पट्ट्यात सापडण्याची भीती असते. येण्याची सूचना निदान ४८ तास आधी द्यावी लागते, नौकेचा तळ शेवाळ-शिंपल्यांपासून स्वच्छ असावा लागतो आणि ताजी फळे, मांस, मध काढून घेतले जातात.

प्रदक्षिणेच्या मोहिमांत दुरुस्तीलाच अग्रक्रम द्यावा लागतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचे थांबे फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चारच बंदरांत होते.

निवड निघण्यापूर्वीच पक्की करावी. मागच्या देशाच्या निर्गमन परवान्यावर पुढच्या बंदराचे नाव लिहिलेले असते. वाटेत बेत बदलला तर नव्या बंदरी त्याचा खुलासा करावा लागतो. अनेक ठिकाणी शनिवार-रविवारी अधिकाऱ्यांना बोलावल्यास जादा शुल्क पडते.